बुबुळाची कड कोण ठरवतं?

नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव देशाला ठाऊक झालं ते २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत तिथल्या रहिवाशांना देशातले पहिले बारा अंकी आधार क्रमांक मिळाले. या नोंदणीत दहा बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो आणि दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा घेतात. आता प्रश्न असा, की प्रतिमेत बुबुळ कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, हे यंत्राला कळतं कसं?

आपल्याला डोळा दिसतो, यंत्राला नुसते आकडे. काळ्याला ० धरा, पांढऱ्याला २५५. एका ओळीत ४०, ४२, ४१, १८०, १८३ असे आकडे आले, तर ४१ आणि १८० यांच्यामध्ये काहीतरी बदललंय. तीच कड.

१९६३ मध्ये एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी आपल्या प्रबंधात शेजारच्या चार बिंदूंची तिरपी वजाबाकी करून कडा शोधल्या. १९६८ मध्ये स्टॅनफर्डला सोबेल आणि फेल्डमन यांनी तीन बाय तीनची चौकट घेतली. त्यामुळे एखाद्या चुकार बिंदूने होणारी फसगत कमी झाली. पुढे १९९३ मध्ये केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी बुबुळासाठी वेगळी युक्ती मांडली. बुबुळ जवळपास गोल असतं ना? मग वर्तुळाची त्रिज्या वाढवत जायची. ज्या वर्तुळाशी सरासरी उजेड सगळ्यात एकदम बदलतो, ती बुबुळाची सीमा.

पण कड चित्रात असते, की आपण ती ठरवतो? फरक चित्रात असतो, हे खरं. मात्र किती फरकाला कड म्हणायचं, ती मर्यादा माणूसच घालतो. मर्यादा उंच ठेवली तर खऱ्या कडा गळतात, आणि खाली आणली तर डागसुद्धा कड ठरतात.

१९८६ मध्ये जॉन कॅनी यांनी यावर दोन मर्यादा सुचवल्या. वरच्या मर्यादेपलीकडचं पक्कं, खालच्या मर्यादेखालचं बाद. मधलं जे पुसट आहे, ते लगेच फेकायचं नाही. ते पक्क्या कडेला जोडलेलं आहे का, ते बघायचं. असेल तर स्वीकारायचं. म्हणजे बघा, पुसटाला शेजाऱ्याची साक्ष चालते!

आधारच्या नोंदणीतही हा विचार होता. ज्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती, त्यांच्यासाठी परिचयकर्ता होता. पण पुढे रेशन दुकानात काय होतं? शेतात, वीटभट्टीवर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र म्हणतं, ओळख पटली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा बहुमताने मोठ्या प्रमाणात वैध ठरवला. पण ओळख पटली नाही म्हणून पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाणार नाही, हे सरकारचं म्हणणंही तिथे नोंदलं गेलं.

झिजलेलं बोट ही पुसट कड आहे. सगळं गाव ज्या बाईला ओळखतं, तिला एका मर्यादेवर बाद करणं माणुसकीला धरून नाहीच. ते कॅनी यांच्या गणितालाही धरून नाही.