शाळेचे दार आणि आचार्याचे चित्त

विनयपिटकाच्या महावग्गात आचार्य आणि अन्तेवासिक यांच्या परस्पर कर्तव्यांचे सविस्तर वर्णन आले आहे. आचार्याने अन्तेवासिकाच्या ठायी 'पुत्तचित्त' ठेवावे आणि अन्तेवासिकाने आचार्याच्या ठायी 'पितुचित्त' ठेवावे, असा तेथे दंडक आहे. शिष्याच्या मनात 'अनभिरति', म्हणजे उदासीनता, उत्पन्न झाली तर ती शमविणे, 'कुक्कुच्च', म्हणजे मनाला लागलेली टोचणी, दूर करणे आणि तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करणे ही कर्तव्येही तेथे गुरूवर सोपविली आहेत. हे नियम भिक्खुसंघासाठी आहेत, हे खरे. परंतु गृहस्थांना उद्देशून असलेल्या सिगालोवाद सुत्तातही शिष्याला सर्व दिशांना संरक्षण लाभेल असे करणे, हे आचार्याचे एक कर्तव्य सांगितले आहे. विद्यार्थ्याचे मनःस्वास्थ्य हा शिक्षणाचाच भाग आहे, ही जाणीव या विधानांच्या मुळाशी आहे. विसाव्या शतकातील अमेरिकेच्या शालेय इतिहासाकडे या दृष्टीने पाहिल्यास आपल्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली 'वेगळे, पण समान' हे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्षात त्यातील 'वेगळे' तेवढे अमलात आले. दक्षिण कॅरोलिना राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५० या वर्षी गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर, तर कृष्णवर्णीय मुलामागे अवघे ४३ डॉलर खर्च होत होते. मैलोगणती पायी चालणाऱ्या आपल्या मुलांसाठी शाळेची बस द्यावी, एवढ्या साध्या मागणीपासून तेथील पालकांचा लढा सुरू झाला. दाव्यात नाव घातल्याबद्दल काहींना नोकऱ्या गमवाव्या लागल्या, तरी ते मागे हटले नाहीत.

या दाव्यासाठी १९५१ साली मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क तेथे गेले. सहा ते नऊ वर्षे वयाच्या सोळा कृष्णवर्णीय मुलांसमोर त्यांनी बाहुल्या ठेवल्या. त्या सर्व बाबतींत सारख्या होत्या; फरक काय तो रंगाचा. कोणती बाहुली आवडते, असे विचारताच दहा मुलांनी गोरी बाहुली दाखविली. वाईट दिसणारी बाहुली कोणती, या प्रश्नावर अकरा मुलांनी सावळ्या बाहुलीकडे बोट केले. त्यानंतर तुझ्यासारखी दिसणारी बाहुली कोणती, असे विचारले जाई. ज्या बाहुलीला वाईट म्हटले, तीच आपल्यासारखी आहे, असे सांगण्याची पाळी त्या बालकांवर येत होती. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. अशा विभाजनाने बालमनात रुजणारी हीनत्वाची भावना त्यांनी निर्णयात विशेषत्वाने विचारात घेतली.

हा विजय मोठा होता. तथापि केनेथ आणि मेमी क्लार्क या दाम्पत्याच्या पूर्वीच्या अभ्यासातील एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. त्या अभ्यासात २५३ मुले होती. दक्षिणेतील विभक्त शाळांतल्या मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी सावळी बाहुली वाईट म्हटली. उत्तरेतील मिश्र शाळांत हेच प्रमाण ७१ टक्के होते. याचा अर्थ विभक्त शाळा बऱ्या, असा मुळीच नव्हे. अर्थ एवढाच की, एका खोलीत बसविल्याने तिरस्कार आपोआप नाहीसा होत नाही. कधी कधी तो अधिक जवळून अनुभवावा लागतो. पुढे विलीनीकरणाच्या काळात, १९५४ ते १९६५ या अवधीत, सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांनी नोकऱ्या गमावल्या, असा अंदाज आहे. मुलांना दार उघडले गेले. पण त्यांना आपले मानणारे शिक्षक मात्र दाराबाहेर राहिले.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ सालीच हा धोका ओळखला होता. शाळा वेगळी की मिश्र, यापेक्षा शिक्षकाला विद्यार्थ्याविषयी आस्था आहे की नाही आणि त्याचा परिसर व त्याच्या समाजाचा इतिहास तो जाणतो की नाही, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता. हे पुत्तचित्ताचेच दुसरे नाव होय, असे आम्हांस वाटते. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्य निदर्शनास आणले होते. बाबासाहेबांना ते साम्य पुस्तकांतून शोधावे लागले नाही. साताऱ्याच्या शाळेत त्यांना प्रवेश होता. परंतु बसायला घरून आणलेले वेगळे गोणपाट होते, आणि शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी मिळत नव्हते. शिपाई नसला की तहान तशीच राहात असे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हे नोंदविले आहे.

भेदभावाचा रोग केवळ पीडित मुलालाच जडतो असे नाही. पूर्वग्रहाने गोऱ्या मुलाचेही व्यक्तिमत्त्व खुरटते, असे क्लार्क यांनी आग्रहाने मांडले. चुल्लवग्गातील उपालीची कथा येथे स्मरते. आपला शाक्यकुळाचा अभिमान गळून पडावा म्हणून शाक्यकुमारांनी स्वतःच तथागतांना विनंती केली, की या नाभिक उपालीला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी. त्यामुळे त्याला वंदन करणे त्यांना क्रमप्राप्त झाले. संघाने उपालीला केवळ आत घेतले नाही. इतरांना आपला अहंकार सोडता येईल अशी व्यवस्थाही केली. हाच उपाली पुढे विनयधरांत अग्रगण्य ठरला.

आज आपली मुले शाळा-महाविद्यालयांत पोहोचली आहेत. पटावर त्यांची नावे आहेत. पण आडनाव ऐकल्यावर शिक्षकाच्या स्वरात काय बदल होतो, डबा खाताना शेजारी कोण बसते, शिष्यवृत्तीची यादी वर्गात कशी वाचली जाते, याची नोंद कोणत्याही पटावर होत नाही. मूल घरी येऊन गप्प बसू लागले, तर त्याला अभ्यासाचा कंटाळा आला असे समजण्यापूर्वी पालकांनी व शिक्षकांनी या गोष्टींची चौकशी करावी. आपल्यातील जे शिक्षक आहेत, त्यांच्यावर तर दुहेरी जबाबदारी आहे. अनभिरति शमविणे हे महावग्गाने आचार्याचे कर्तव्य मानले आहे. ते एकट्या मुलाच्या धैर्यावर सोडून दिलेले नाही.