लंगडी घालणारे यंत्र

घोड्यासारखे चालणारे यंत्र करायचे तर त्याला चार पाय हवेत, असेच कोणीही म्हणेल. या यंत्रांचा इतिहास वाचताना मला मौज वाटली ती याची, की खरी वाट सापडली ती एका पायावर!

अमेरिकेत १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राल्फ मोशर यांनी सैन्यासाठी चार पायांचा एक अजस्र ‘चालता ट्रक’ बांधला. पण ते चारही पाय आत बसलेल्या चालकाला स्वतःच्या हातापायांनी हलवावे लागत. थोड्याच वेळात बिचारा थकून जाई. पाय यंत्राचे होते, तोल माणसाचा.

मार्क रेबर्ट यांनी १९८० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रयोगशाळा काढली आणि तेथे एकाच पायाचे यंत्र उड्या मारू लागले. अगदी आपल्या लंगडीसारखे. थांबले की पडले! उडी किती उंच, पाऊल कुठे टाकायचे, धड सरळ कसे ठेवायचे, हे तीनच हिशेब. पुढे चार पायांच्या यंत्रात जोडीने पडणारे दोन पाय एकच मानले आणि तेच हिशेब तिथेही चालले.

रेबर्ट यांच्या बॉस्टन डायनॅमिक्सने २००५ मध्ये ‘बिगडॉग’ चालवून दाखवला. त्याच्यापेक्षा मोठे, ओझे वाहणारे यंत्र मात्र अमेरिकेच्या मरीन दलाने २०१५ मध्ये बाजूला ठेवले, कारण इंजिनाचा आवाज शत्रूला सावध करील. तोल साधला, पण खेचराचा मुकाट्याने चालण्याचा गुण काही त्याला साधला नाही.