राघोबादादा आणि कोपरगाव : खलनायकाला परतीची वाट असते का?



आजचा विषय एका खेळावरून सुचला आहे. हल्ली आपली तरुण मंडळी टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्टी रचतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात. योद्धे, मांत्रिक, राक्षस, सगळे त्यात असतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. १९७४ साली हा खेळ अमेरिकेत निघाला. या खेळात एक पेच नेहमी पडतो. एके काळचा शूर, सरळ माणूस घसरतो, हातून भयंकर कृत्य होते, तो खलनायक होतो. आता त्याला परत आणायचे की नाही? आणायचे तर कोणत्या अटीवर?

या खेळाच्या १९७८ च्या नियमपुस्तकात पापमुक्तीचा एक मंत्र आहे. पण तो कोणालाही लागू पडत नाही. कृत्य अजाणता किंवा दुसऱ्याच्या ताब्यात असताना घडले असेल, नाहीतर मनापासून पश्चात्ताप झाला असेल, तरच त्याचा उपयोग. आता गंमत बघा. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात एका न्यायाधीशासमोर आला होता. आणि ज्याच्याबद्दल तो आला, त्या माणसाचा शेवट आपल्या अहिल्यानगर, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्यात, गोदावरीकाठी कोपरगावला झाला. रघुनाथराव पेशवे. राघोबादादा.

आधी माणूस केवढा होता ते पाहू, म्हणजे घसरण किती खोल ते कळेल. जन्म १७३४ चा, थोरल्या बाजीरावांचा मुलगा. एप्रिल १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या, त्या मोहिमेचे सेनापती राघोबादादा. पुढे तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांची पथके अटकेच्या दिशेने गेली. ‘अटकेपार झेंडे लावले’ असे आपण अजून म्हणतो, ते या मोहिमेमुळे. मोहिमेने खजिना भरला नाही, उलट कर्ज झाले, ही दुसरी बाजू. पण नाव झाले ते कायमचे.

१७६१ साली पानिपत झाले, त्याच वर्षी नानासाहेब गेले. गादीवर सोळा वर्षांचे माधवराव आले. राघोबांच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घर करून बसली : हे पद आपले. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. माधवरावांचा पाडाव झाला, आणि राज्य दुभंगू नये म्हणून ते स्वतःहून काकांच्या छावणीत गेले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघे मिळून निजामाशी लढले आणि जिंकले. म्हणजे बघा, परत येण्याची पहिली संधी मिळाली होती आणि काही काळ ती साधलीही होती. पण टिकली नाही. १७६७ च्या सुमारास मालेरावांच्या मृत्यूनंतर होळकरांची दौलत घशात घालायला दादा माळव्यात गेले. समोर उभ्या राहिल्या अहिल्याबाई, याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेक. दादांना लढाई न करता मागे फिरावे लागले. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. तरीही १७७२ साली थेऊरला, अखेरच्या दिवसांत, माधवरावांनी धाकट्या नारायणरावाला सांभाळा म्हणून काकांनाच सांगितले. ही दुसरी संधी.

नारायणरावांनीही काकांना वाड्यात अडकवून ठेवले होते, हे लपवायचे कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी कापून काढले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोकांच्या कानात राहिली आहे ती तिथली. लगोलग साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली, ती राघोबांसाठी.

आता येतो तो मुख्य मुद्दा. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. चौकशीत गारद्यांना दिलेला लेखी हुकूम निघाला, त्यात पेशव्याला ‘धरावे’ होते की ‘मारावे’ होते, हा वाद. ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला? लोक म्हणू लागले, आनंदीबाईंनी. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यातही ही सार्वत्रिक समजूत म्हणून आली. आणि शाळकरी पोरापर्यंत ती पोचली.

आपण ही गोष्ट कारस्थानाची म्हणून ऐकतो. खरे तर ती कायद्याची गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. म्हणजे पाप केलेल्याला परत कसे घ्यायचे, याला आपल्याकडे ग्रंथाचा एक अख्खा भाग दिला होता. या शास्त्रात सगळा भर एका भेदावर आहे. कृत्य ‘कामतः’ झाले, म्हणजे जाणून, की ‘अकामतः’, म्हणजे नकळत? मनुस्मृतीत ब्रह्महत्येला बारा वर्षांचे व्रत सांगितले आहे. रानात झोपडी, हातात कवटी, भिक्षेवर गुजराण. पण ही सवलत नकळत झालेल्या हत्येला. जाणून केलेल्याला जिवंतपणी सुटका नाही, असे तिथेच म्हटले आहे.

आता ‘ध’ आणि ‘मा’ कडे पुन्हा पाहा. हुकूम ‘धरावे’ असेल, तर खून राघोबांच्या नकळत झाला. मग ते चुकलेले काका ठरतात, आणि परतीची वाट उघडी राहते. ‘मारावे’ असेल तर वाट बंद. एका अक्षरावर एवढे सगळे टांगलेले होते. रामशास्त्रींनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, याचा अर्थ त्यांनी ‘अकामतः’ ही पळवाट मान्य केली नाही. निकाल दिला आणि ते पुणे सोडून गेले. ज्याच्या हातात सत्ता होती त्याच्यासमोर हे बोलायचे, याला काय लागते ते सांगायला नको.

आणि क्षणभर ‘धरावे’ खरे धरू या. गादीवर बसलेल्या पेशव्याला भाडोत्री गारद्यांकरवी धरण्याचा हुकूम, तो कोणाचा? नंतर गारद्यांना पाठीशी कोणी घातले? वस्त्रे कोणी घेतली? अक्षर कोणीही बदललेले असो, फळ ज्याने खाल्ले त्याचे काय?

इथे आनंदीबाईंबद्दल बोलायलाच हवे. त्यांनी अक्षर बदलले याला खात्रीचा समकालीन पुरावा नाही. आहे ती लोकसमजूत, नंतर पक्की झालेली. पण ही समजूत काम काय करते? ती राघोबांचे पाप हलके करते आणि बायकोच्या पदरात टाकते. अटकेपारचा वीर मनाने भोळा, हलक्या कानाचा, बाईने बिघडवला, अशी ती सोय. खलनायकाला सोडवायचा हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त मार्ग. टेबलावरच्या खेळात तुम्ही हेच करता ना? खलनायकाच्या मागे आणखी मोठी दुष्ट चेटकीण उभी केली की खलनायक आपोआप सुटतो. गोष्ट सोपी होते, पण मेलेल्या पोराला न्याय मिळत नाही.

बरं, मग पश्चात्तापाचे काय? तो झाला का? मन कोणाचे दिसत नाही, वागणे दिसते. म्हणून तारखा पाहू.

१८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला, सवाई माधवराव. गादीला वारस आला. राघोबांनी तिथे थांबायला हवे होते. ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली. वसई म्हणजे ज्यासाठी काका चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जीव पाखडला होता ती. पुढे १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. त्यात ठरले : राघोबांनी फौज मोडावी, नेमणूक घ्यावी आणि कोपरगावला जाऊन राहावे. गाव लक्षात घ्या, कोपरगाव. राघोबा आले नाहीत. मुंबईकर इंग्रजांच्या आसऱ्याला राहिले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज हरले, राघोबा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले, उत्तरेकडे नेताना नर्मदेपाशी निसटले आणि पुन्हा सुरतेला इंग्रजांकडे. शेवटी १७ मे १७८२ ला सालबाईचा तह. इंग्रजांनी हात काढून घेतला. दरमहा पंचवीस हजार रुपये आणि राहायला गाव. कोणते? तेच, कोपरगाव. सहा वर्षांपूर्वी नाकारलेले. मधल्या सहा वर्षांत किती माणसे मेली याचा हिशेब त्या पंचवीस हजारांत नव्हता.

कोपरगावला वाडा, जवळ हिंगणीलाही वाडा. डिसेंबर १७८३ मध्ये दादा तिथेच वारले. थोरला बाजीराव आठ वर्षांचा, आनंदीबाई गरोदर. खुनापासून मृत्यूपर्यंत दहा वर्षे झाली. शास्त्रातल्या बारा वर्षांच्या जवळपास जाणारा काळ. भटकंती घडली, परक्याच्या दारात उभे राहणे घडले, मानहानी घडली. पण व्रत म्हणून त्यातले काहीच नव्हते. कारण त्या दहा वर्षांत ‘पद माझे’ हे म्हणणे त्यांनी एकदाही आपणहून सोडले नाही. दुसऱ्यांनी सोडायला लावले तेव्हा सुटले.

कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे देऊळ आहे. दैत्यांचे गुरू, पण तिथे भक्तिभावाने पुजले जातात. शत्रूच्या गोटातून आलेल्या कचाला शिष्य म्हणून घेणारे, शेवटी संजीवनी विद्या देणारे, ही त्यांची कथा तिथे सांगतात. मुद्दा एवढाच की पलीकडच्या बाजूचा माणूस कायमचा काळा, असे आपली परंपरा मानत नाही. तिने राघोबांना नाकारले असेल, तर कारण दुसरे आहे.

ते कारण कळायला एक उलटे उदाहरण घेऊ. नेताजी पालकर. स्वराज्याचे सरनौबत, १६६६ मध्ये महाराजांना सोडून आधी विजापूरकडे, मग मोगलांकडे गेले. पुढे मुहम्मद कुलीखान झाले, काबूलकडच्या मुलखात पाठवले गेले. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, परत आले आणि महाराजांनी शुद्ध करून घेतले. त्यांचे पाप आणि राघोबांचे पाप एका मापाचे नाही, हे उघड आहे. पण फरक पाहा. नेताजी आले तेव्हा सरनौबती हंबीरराव मोहित्यांकडे होती. जुनी जागा मिळणार नव्हती, तरी ते आले. राघोबांना परत यायचे होते ते फक्त त्या जागेवर.

याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. नवऱ्यामागे आनंदीबाई मुलांसह कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात राहिल्या, आधी कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली. १७९४ मध्ये त्या गेल्या. मुलगा बाजीराव असाच नजरकैदेत वाढला, १७९६ मध्ये पेशवा झाला आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. गादीसाठी इंग्रजांचे दार ठोठावायचे, ही वाट बापाने घालून दिलेली होती.

रंगभूमीने आणि पडद्याने हा विषय सोडला नाही. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ चे, प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा. या दोन्हींत लोकांनी डोक्यावर घेतले ते रामशास्त्रींना. आपल्या लोकांना खलनायकाचे मन जाणून घ्यायला आवडते, पण न्याय बुडवून नको असतो, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

तर खेळणाऱ्या मंडळींना आमचे सांगणे इतकेच. खलनायकाला जरूर परत आणा. पण त्याच्या पराक्रमाची यादी वाचून आणू नका. लाहोरचा विजय नारायणरावाच्या खुनातून वजा होत नाही. दुसऱ्याच्या, विशेषतः बायकोच्या, माथी दोष मारून आणू नका. त्याने जे बळकावले ते त्याच्याकडून आधी खाली ठेववा. आणि ज्याचे माणूस गेले, त्या गंगाबाईला टेबलावर एक खुर्ची द्या. आमच्या इतिहासाने तिला फारसे बोलू दिलेले नाही, तुमच्या गोष्टीत तरी ती बोलू दे.

श्रोत्यांतून प्रश्न : राघोबादादा १७७६ सालीच कोपरगावला आले असते तर आपण त्यांना माफ केले असते का?

उत्तर : माफी द्यायचा अधिकार आपला नाही, तो पुरंदरावर तान्हे मूल घेऊन बसलेल्या बाईचा होता. पण ते तेव्हा आले असते, तर वडगावची लढाई बहुधा टळली असती, आणि आज कोपरगावच्या वाड्याकडे बोट दाखवताना आपल्याला दुसरे काहीतरी सांगता आले असते. पुढचा प्रश्न घेऊ या.