खांबावरचा ड्रॅगन

नोकरीमुळे मी मानेसरला राहतो. शेजारच्या काकांकडे एक जुना चिनी गालिचा आहे, उभा, लांबट. त्यावरच्या ड्रॅगनचं अंग दोन्ही कडांना तुटलेलं. "मोठ्या गालिच्यातून कापलेला तुकडा असेल," असं मीच सांगितलं, आणि काका तो भंगारवाल्याला द्यायला निघाले.

चूक माझी होती. हा खांबाचा गालिचा! चीनच्या निंग्शिया भागात असे गालिचे विणत. तिबेटी आणि मंगोल बौद्ध मठांत ते गोल खांबांना गुंडाळत. कडा जुळल्या की ड्रॅगन पुरा होतो, वेटोळे घालत वर चढतो. आम्ही तो पाण्याच्या पिंपाभोवती गुंडाळून पाहिला. काका बराच वेळ बोललेच नाहीत.

चिनी गालिच्यांवर वटवाघळंही दिसतात. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की आजी अपशकुन म्हणायची. चिनी भाषेत मात्र वटवाघूळ 'फू' आणि सौभाग्यही 'फू'. म्हणून दीर्घायुष्याच्या अक्षराभोवती पाच वटवाघळं: आयुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि शेवटी सुखाचं मरण. ही नक्षी कानानं वाचायची.

1920च्या दशकात तिआनजिनहून अमेरिकेतल्या दिवाणखान्यांसाठी जाड, झगझगीत रंगांचे गालिचे जाऊ लागले. वॉल्टर निकोल्स या अमेरिकनाचे त्यांत गाजलेले. बऱ्याच गालिच्यांची किनार गेली, कोपऱ्यांत फुलं उरली. देखणे आहेत, पण मला मुके वाटतात.

काका सध्या पोर्चच्या खांबाचं माप घेताहेत. उन्हात रंग उडेल, एवढं सांगून आलोय.