कलम 434 ची बढती

1897 चा साथरोग प्रतिबंधक कायदा मंजूर झाला कलकत्त्यात, पण त्याचं मुख्य वाक्य मुंबईसाठी नऊ वर्षं आधीच लिहून झालं होतं. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, तिसऱ्यात शिक्षा (तीही स्वतःची नाही, भारतीय दंडसंहितेच्या कलम 188 कडे बोट दाखवून), आणि चौथ्यात सद्भावनेने काम करणाऱ्यांवर खटला भरता येणार नाही अशी हमी. सगळा जीव दुसऱ्या कलमात.

हे दुसरं कलम एका बाजूला ठेवावं आणि दुसऱ्या बाजूला मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चं कलम 434. धोकादायक रोगाची साथ आली किंवा येण्याची भीती असली, आणि चालू कायद्यातल्या नेहमीच्या तरतुदी अपुऱ्या आहेत असं वाटलं, तर विशेष उपाय योजता येतील आणि जाहीर सूचनेने तात्पुरते नियम करता येतील. ते नियम सर्व जनतेला किंवा एखाद्या व्यक्तीला वा वर्गाला लागू होतील. दोन्हीकडे क्रम हाच, अटी याच, इंग्रजी शब्दसुद्धा बहुतेक तेच. 434 च्या आजच्या मजकुरात याच दमात गुरांच्या साथीही येतात, आणि गुरं म्हणजे शेळ्यामेंढ्याही, असा खुलासा कंसात आहे. कलकत्त्याच्या कायद्यात शेळ्यामेंढ्या गेल्या, माणसं राहिली.

गेलं ते एवढंच नाही. मुंबईच्या कलमात अधिकार पालिका आयुक्ताचा असला तरी तो वापरायला सरकारची मंजुरी लागते. शिवाय पोटकलम सांगतं की जे उपाय योजले, जे नियम केले, ते आयुक्ताने ताबडतोब महापालिकेला कळवायचे, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांसमोर ठेवायचे. कलकत्त्यात आयुक्ताच्या जागी ‘गव्हर्नर जनरल इन कौन्सिल’ आला. त्याला मंजुरी देणारं वर कुणी नव्हतं आणि हिशेब मागणारं खाली कुणी ठेवलं नाही. या कायद्याबद्दल गेल्या सव्वाशे वर्षांत झालेल्या बहुतेक तक्रारी या दोन गळालेल्या ओळींपाशी येऊन थांबतात.

उसनवारी झाली कशी, हे तारखांवरून ताडता येतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. 6 ऑक्टोबरला आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी 1888 च्या अधिनियमाचा आधार घेऊन जाहीरनामा काढला: घरं धुऊन निर्जंतुक करायची, संशयित रोगी सक्तीने रुग्णालयात न्यायचे. त्याच महिन्याच्या 29 तारखेला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. स्नो यांना आदेश सौम्य करावा लागला. सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही धास्ती त्यांना जास्त होती.

तोवर लोक गाड्या भरभरून गावी निघाले होते, आणि आयुक्ताचा हुकूम शहराच्या हद्दीला संपत होता. पुढच्या स्टेशनवर काय करायचं, हे 434 सांगू शकत नव्हतं. म्हणून कलकत्त्याच्या मसुद्यात खरोखर नवी भर पडली ती रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांचं विलगीकरण यांची. 28 जानेवारी 1897 रोजी जॉन वुडबर्न यांनी विधेयक मांडलं, 4 फेब्रुवारीला ते मंजूर झालं. आठवड्याभरात कायदा हवा असला की मसुदा लिहिणारा कोऱ्या कागदावर बसत नाही. तयार कलम शोधतो.

या कुळाबद्दल इतर दावेदारही आहेत. पहिला व्हेनिसचा. प्लेगग्रस्त हिंदुस्थानच्या मालावर आणि हज यात्रेकरूंवर युरोप बंदी घालील, या भीतीने कायदा आला असं सांगितलं जातं. घाईचं कारण म्हणून हे पटतं. पण व्हेनिसची आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद 16 फेब्रुवारीला भरली, तेव्हा कायदा बारा दिवसांचा झाला होता. बंदीच्या भीतीने हात चालवला असेल. शब्द तिने पुरवलेले नाहीत.

दुसरा दावेदार हाँगकाँग. 1894 च्या प्लेगमध्ये तिथे गोरे सैनिक चिनी वस्तीत घरोघर शिरले, रोगी बाहेर काढले, भिंतींना चुना फासला. पुण्यात 1897 मध्ये जे घडलं त्याची तालीम तिथे झाली, हे मान्य. मात्र ती रीत होती, कायद्याचा मजकूर नव्हे.

तिसरा दावेदार सगळ्यांत जबर: इंग्लंडचा 1875 चा सार्वजनिक आरोग्य कायदा. त्याच्या 134 व्या कलमातही साथ आली किंवा येण्याची भीती असली तर खास नियम करण्याचा अधिकार आहे, आणि मुंबईच्या 434 चं ते आजोळ असावं. फरक असा की इंग्रजी कलम अधिकार देतानाच हेतू मोजून सांगतं: मृतांना लवकर पुरणं, घरोघर भेटी, औषधपाणी आणि स्वच्छता. मुंबईच्या कलमात ही मोजणी नाही. ‘आवश्यक वाटतील ते’ उपाय. 1897 ने उचललं ते हे मोकळं रूप. लंडनहून थेट घेतलं असतं तर निदान यादी तरी आली असती.

मुंबईने हेतूंची यादी सोडली, पण महापालिकेला कळवण्याची अट घातली, ती कुणामुळे? 1888 च्या विधेयकावर आयुक्त मोठा की महापालिका, हाच मुख्य वाद होता, आणि महापालिकेची बाजू फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी लावून धरली होती. त्या झगड्याचा ठसा या पोटकलमावर आहे असं मानायला हरकत नसावी. अर्थात 1896 मध्ये स्नो यांना रोखलं ते या पोटकलमाने नव्हे, आर्थर रोडच्या जमावाने. कागदावरची अट तेवढ्याने निरुपयोगी ठरत नाही, पण तिच्या भक्तांनी हे विसरू नये.

नवा कायदा हाती येताच पहिली गदा आली ती मुंबई महापालिकेवरच. मार्च 1897 मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि शहराचा बंदोबस्त पालिकेकडून तिच्याकडे गेला. स्नो तिचे एक सदस्य उरले. पुण्यातला रँड, 22 जूनची गणेशखिंड, चापेकर बंधू आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हे मराठी वाचकाला पाठ आहे.

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने याच दुसऱ्या कलमाखाली कोविडची नियमावली काढली. तिच्यात एक नियम असा होता की कोविडविषयी कोणतीही माहिती कुणीही छापील, इलेक्ट्रॉनिक किंवा समाजमाध्यमांतून आरोग्य अधिकाऱ्यांच्या वा जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय पसरवू नये. मोकळं कलम कुठवर ताणता येतं, याचा हा चांगला नमुना. देशभरची टाळेबंदी मात्र आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली आली. तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे नोंदवले गेले, त्यांत साथरोग कायदाही होता. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचं बोलून दाखवलं.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैद देणारी. गिरणी कामगार ज्यावर चालून गेले ते आर्थर रोडचं रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं, आणि मुंबईतले पहिले कोविड रुग्ण तिथेच दाखल झाले. कर्मचाऱ्यांना संरक्षण हवंच होतं. पण कायदा उघडलाच होता, तर सरकारने काय केलं हे विधिमंडळाला कळवण्याची एक ओळ त्यात घालायला कुणाची हरकत होती?

फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने आपल्या 286 व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचं सांगून त्यात मोठ्या बदलांची किंवा नव्या कायद्याची शिफारस केली. नवा मसुदा लिहिणाऱ्यांनी 1888 चा अधिनियम पुन्हा एकदा काढावा आणि या वेळी पोटकलमासकट उतरवून घ्यावा.