जात्यापुढचं एकटेपण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त एका अमेरिकन गाण्याचं. भाच्याने परवा हँक विल्यम्सचं १९४९ सालचं एक गाणं ऐकवलं. विषय निव्वळ एकटेपणा, आणि त्यात मध्यरात्री जाणारी एक आगगाडी. इंग्रजी शब्द निम्मेच कळले, पण गाडी मात्र पुरती कळली. बल्लारपुरात वाढलेल्या माणसाला ती कळणारच!

तिकडच्या या 'कंट्री' संगीतात रेल्वे पहिल्यापासून आहे. १९२७ साली पहिलं ध्वनिमुद्रण करणारा जिमी रॉजर्स आधी रेल्वेत ब्रेक्समन होता. हँक स्वतः १९५३ च्या १ जानेवारीला, कार्यक्रमाला निघालेला असताना मोटारीच्या मागच्या सीटवरच गेला. वय फक्त २९. त्या काळच्या बऱ्याच गाण्यांत बाई सोडून जाते आणि पुरुष रडतो. १९५२ मध्ये किटी वेल्सने उलट उत्तर दिलं, की बाई वाईट मार्गाला लागते त्यात पुरुषांचाही हात असतो. एनबीसी रेडिओने ते गाणं वाजवायला नकार दिला, तरी ते यादीत पहिलं आलं.

हे वाचताना मला आपल्या लावण्या आठवल्या. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या विरहाच्या लावण्या अप्रतिम आहेत, वादच नाही. पण तिथे दुःख बाईचं आणि शब्द पुरुषाचे. मग बाईचे स्वतःचे शब्द कुठे होते? जात्यावर.

माझ्या आजीचं माहेर वरोऱ्याकडचं. लग्न होऊन ती बल्लारशाहच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. १९२९ साली काझीपेठची लाइन जोडली गेली आणि दिल्ली-मद्रास गाड्या इथून धावू लागल्या, तेव्हापासून या गावाला रात्र अशी राहिलीच नाही. आजोबा गँगमन, रात्री-अपरात्री लाइनवर. आजी पहाटे एकटी ज्वारी दळायची. घरात बोलायला कोणी नाही. सासूबद्दल, माहेरच्या भावाबद्दल, न आलेल्या निरोपाबद्दल जे काही बोलायचं ते ती जात्याशी बोलायची. आजोबांबद्दल काय म्हणायची ते मात्र आम्हाला कोणालाच ठाऊक नाही.

पुढे गल्लीत विजेची चक्की आली. जातं दाराआड गेलं. त्याचा सगळ्यांनाच आनंद झाला, आजीलाही. खांदे दुखायचे तिचे. ओव्यांचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

८० च्या दशकात मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढे बसलो. म्हटलं, आजी, म्हण ना. ती हसली. म्हणाली, "हे आयकाचं नसते रे बाबू, दळाचं असते." फार आग्रह केला तेव्हा दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीला अडली. हात फिरल्याशिवाय शब्द येईनात. जातं काढून मांडावं, एवढं मला तेव्हा सुचलं नाही. ती कॅसेटही पुढे कुठे गेली कोण जाणे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. साने गुरुजींनी त्याच्याही कितीतरी आधी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. म्हणून निदान एवढ्या तरी उरल्या. हँकचं एकटेपण तबकडीवर गेलं आणि माझ्या भाच्यापर्यंत पोचलं. आजीचं पिठात मिसळलं, आणि ते पीठ आम्हीच खाल्लं. ऐकणारे आम्ही भिंतीपलीकडे झोपलेलो होतो.

असो. आत्या, तू हे वाचशील. तुला एखादी तरी पुरी ओवी आठवत असेल तर कळव. आजोबांबद्दलची असली तर आधी तीच.