बांधकाम परवानगीची नोंद आणि खानदेशातील मक्तेदार

बांधकाम परवानगीच्या दप्तरात मालकाचे नाव, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, भूखंडाचे क्षेत्र, मजले, वापर, नकाशा सादर करणारा अभियंता आणि मंजुरीची तारीख एवढा मजकूर असतो. रस्त्याची रेषा, गटार आणि हवा-उजेड यांवर लक्ष राहावे म्हणून ही नोंद सुरू झाली. मात्र कोणते घर कोठे उभे राहणार आहे हे ती पाया खणण्याआधीच सांगते, म्हणून गवंडी, मक्तेदार आणि माल पुरवणारे यांनाही तिचा उपयोग झाला.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, तेव्हा घर बांधण्यासाठी कोणी परवानगी मागत नव्हते. उलट सरकारच लोकांना बांधायला बोलावत होते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. तेथे व्यापाऱ्यांनी वसावे म्हणून त्यांनी घरांसाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्क्या बांधकामासाठी आगाऊ रकमाही दिल्या. त्या काळात कामाची खबर नात्यागोत्यातून आणि बाजारातून मिळे. मातीच्या भिंती, लाकडी खण आणि वर धाबे अशा घराला ठरलेला सुतार व ठरलेला गवंडी असे. घरमालक त्याला बोलावणे धाडी आणि तोच पुढच्या पिढीचेही काम करी.

१८५० च्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली. धुळ्यात १८६२ मध्ये, जळगावात १८६४ मध्ये आणि भुसावळात १८८२ मध्ये नगरपालिका आल्या. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने नवे घर बांधणाऱ्याने नगरपालिकेला आधी लेखी सूचना देण्याची पद्धत पक्की केली. घरमालकाचा बेत असा सरकारी कागदावर आला. कापसाच्या व्यापाराने जळगाव वाढत होते, तर रेल्वेने भुसावळ. अनोळखी माणसे प्लॉट घेऊन घरे बांधू लागली, तशी नात्यागोत्याची खबर अपुरी पडू लागली आणि त्या कागदाला किंमत आली.

स्वातंत्र्यानंतर १९६५ चा नगरपरिषद कायदा आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा यांनी आजची चौकट घातली. नियोजन कायद्यानुसार परवानगी एक वर्ष टिकते आणि दरवर्षी मुदतवाढ घेत जास्तीत जास्त आणखी तीन वर्षे लांबवता येते. धंद्याच्या दृष्टीने ही मुदत फार मोलाची आहे, कारण मंजुरी हाती आलेला मालक कामाला फार काळ टाळू शकत नाही. जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हे पुढचे टप्पेही दप्तरात उमटतात. खोदाई, लोखंड व सेंट्रिंगचे काम करणाऱ्याने नव्या मंजुरीकडे पाहावे. जोते तपासून झाले की विटा पुरवणाऱ्यांची आणि वीजजोडणीचे काम घेणाऱ्यांची वेळ येते. भोगवटा जवळ आल्यावर फरशी, रंग आणि फर्निचरवाल्यांना विचारणा होते. मंजुरी मिळून सहा महिने झालेल्या घरी सेंट्रिंगवाला गेला, तर स्लॅब बहुधा टाकून झालेला असतो. नोंद वाचणाऱ्याचे कसब तारीख आणि टप्पा जुळवण्यात आहे. नुसती नावांची यादी गोळा करून काही साधत नाही. शिवाय एकाच अभियंत्याचे नाव दहा नकाशांवर दिसले, तर दहा मालकांकडे फिरण्यापेक्षा त्या एका कार्यालयात ओळख करून घेणे शहाणपणाचे ठरते.

अमेरिकेत या माहितीचा स्वतंत्र व्यवसाय फार लवकर उभा राहिला. एफ. डब्ल्यू. डॉज यांनी १८९१ मध्ये बोस्टनमध्ये होऊ घातलेल्या बांधकामांची माहिती गोळा करून ती मक्तेदारांना विकायला सुरुवात केली. खानदेशात तसे पत्रक निघाले नाही. येथे ते काम वास्तुविशारदाचे कार्यालय, सिमेंटचे दुकान आणि पालिकेचा नगररचना विभाग यांच्यातील ओळखीपाळखीने केले.

भुसावळजवळच्या दीपनगरात ही रीत पुरत नाही. राज्य विद्युत मंडळाने येथे औष्णिक वीज केंद्र आणि त्याची वसाहत उभी केली. पहिला संच १९६० च्या दशकाअखेर सुरू झाला. पुढे २१० मेगावॉटचे दोन, ५०० मेगावॉटचे दोन आणि आता ६६० मेगावॉटचा एक असे संच आले. वसाहतीतील क्वार्टर्स, रस्ते आणि दुरुस्त्या यांची कामे निविदेतून निघतात. ती हवी असतील त्याने निविदा सूचना वाचाव्यात, अनामत रक्कम भरावी आणि मक्तेदार म्हणून नोंदणी राखावी. भुसावळातील रेल्वे क्वार्टर्सचेही तसेच. फेकरीसारख्या शेजारच्या गावांत मात्र खासगी घरांचा कागद ग्रामपंचायतीतून किंवा तालुक्याच्या कचेरीतून जातो.

दीपनगरचा परवानगीच्या नोंदीशी दुसराही संबंध आहे, तो राखेचा. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या परिसरातील वीटभट्ट्यांना विटांत राख मिसळणे बंधनकारक केले. सुरुवातीला ही मर्यादा ५० किलोमीटरची होती आणि पुढे ती वाढवली गेली. राखेच्या विटा काढणाऱ्या नव्या कारखानदाराला गिऱ्हाईक शोधायचे, तर भुसावळ, वरणगाव आणि जळगाव येथील मंजूर नकाशे हाच सर्वांत सरळ रस्ता.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि मंजुरी ऑनलाइन देण्याकडे पालिका वळल्या. मोठ्या गृहप्रकल्पांची माहिती २०१७ पासून महारेरा या स्थावर मालमत्ता नियामकाच्या संकेतस्थळावर खुली आहे. माहिती अधिकार कायद्यामुळे जुन्या मंजुऱ्यांची यादीही मागता येते. छोट्या घरांबाबत मात्र नोंद विरळ झाली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला नव्या नियमावलीत पूर्वीसारखी छाननी उरलेली नाही. कागद आणि शुल्क सादर केल्याची पोच पुरते. गुंठेवारीच्या वस्त्यांत आणि गावठाणात कित्येक घरे कोणत्याही नोंदीशिवाय बांधली जातात, आणि खानदेशातील गवंड्यांचे बरेचसे पोट अशाच घरांवर चालते. त्यामुळे नुसत्या दप्तरावर विसंबणाऱ्या मक्तेदाराला बाजाराचा मोठा भाग दिसतच नाही.

या नोंदीचा वापर जबाबदारीनेच व्हायला हवा. मंजुरीची यादी सार्वजनिक असली तरी मालकाने अर्जात लिहिलेला फोन क्रमांक पालिकेच्या कामासाठी दिलेला असतो. तो विकत घेऊन दिवसरात्र फोन करणे गैर आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही त्याविरुद्धच आहे. जागेवर जाऊन, आपले जुने काम दाखवून आणि दर लेखी देऊन मागितलेले काम मालकाला विचार करायला वेळ देते. धुळे, जळगाव आणि भुसावळच्या पालिकांनी जुन्या परवानगी नोंदवह्या रद्दीत न घालता स्कॅन करून ठेवाव्यात. कोणत्या दशकात कोणती पेठ कशी वाढली याचा त्यांच्याइतका नेमका पुरावा दुसरीकडे सापडणार नाही.